माउस माझ्याच हातात राहू देणाऱ्या इंटर्नला

प्रिय बाबा,

तुझं नाव घालत नाही, तुला आवडणार नाही हे माहीत आहे. कॉलेजचं पण घालत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते काही जणांना झोंबेल. घाटावरचं एक डेंटल कॉलेज, तिथली एन्डोची, म्हणजे रूट कॅनलच्या विभागाची, मॅडम गोव्यातल्या फोंड्याची आणि इंटर्न तिथल्याच वाळपईचा, एवढं पुरे.

परवा आपली पोरांच्या दाढांच्या सर्व्हेची एक्सेल शीट स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांना पाठवली आणि संध्याकाळी त्यांचा मेसेज, "शीट एकदम स्वच्छ आहे, उद्यापासून करायला घेतो." एवढंच. पण मला डिपार्टमेंटमध्ये बसल्या जागी रडूच आलं रे, सिस्टर विचारायला लागली काय झालं मॅडम, तिला काय सांगणार, एक्सेल झालं म्हणून रडते?

तुला कदाचित कल्पना नसेल की आमची पिढी कुठून आलीय. मी बांबोळीला, गोव्याच्या डेंटल कॉलेजात, बीडीएस केलं तेव्हा एक्सरे म्हणजे डार्करूम. फिल्म क्लिपला लावायची, डेव्हलपर, पाणी, फिक्सर, पुन्हा पाणी, आणि त्या फिक्सरचा आंबट वास घरी जाईपर्यंत हाताला. आरव्हीजी, म्हणजे फिल्मशिवाय एक्सरे थेट कॉम्प्युटरवर दाखवणारी सोय, फ्रान्समध्ये १९८७ च्या सुमारासच आली होती म्हणे पण आमच्यापर्यंत पोचायला किती वर्षं गेली. थिसिस टाइप करायला पणजीत एक टायपिस्ट होता, आम्ही हाताने लिहून द्यायचो आणि तो "पल्प"चं "पंप" करून आणायचा. मग मधल्या काळात सगळं बदललं. आरव्हीजी, सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन), तोंडात फिरवायचा इंट्राओरल स्कॅनर, ऑनलाइन हजेरी, ऑनलाइन इंटरनल मार्क्स. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर एका रात्रीत सांगितलं उद्यापासून लेक्चर झूमवर. शिकवलं कोणी? कोणीच नाही. वरच्या पहिल्या दाढेतला एमबी टू कॅनल, म्हणजे मुळातली ती लपलेली बारीक नळी, मी अजून बोटांच्या अंदाजाने शोधते पण सेव्ह केलेली फाइल गेली कुठे ते मला सापडायचं नाही.

मदत मागितली नाही असं नाही. कॉम्प्युटर विभागातले ते गृहस्थ यायचे, माझ्या हातातून माउस घ्यायचे, टक टक टक, "झालं मॅडम," आणि गेले. काय झालं, कसं झालं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथेच. एकदा फी भरून वर्कशॉप पण केलं, एसी हॉलमध्ये वक्ते दिवसभर स्लाइडवर स्लाइड दाखवत होते, समोर एकाच्याही हातात कॉम्प्युटर नाही, जेवण मात्र छान होतं आणि सर्टिफिकेट लॅमिनेट करून दिलं. घरचा भाचा तर म्हणाला आते तुला नाही जमायचं, मी करून देतो. प्रेमानेच म्हणाला, तरी लागलंच.

आणि तू काय केलंस? स्टूल ओढून माझ्या डावीकडे बसलास आणि दोन्ही हात अ‍ॅप्रनच्या खिशात घातलेस. शेवटपर्यंत बाहेर काढले नाहीस. मी मेनूत शोधत राहिले, चुकीच्या ठिकाणी क्लिक करत राहिले, तू "अजून थोडं वर मॅडम" एवढंच. सुस्कारा नाही, घड्याळ बघणं नाही, उलट मला वेळ लागतोय म्हटल्यावर खिडकीतून पार्किंगकडे बघत बसलास, म्हणजे मला संकोच नको. क्लिनिकमध्ये आम्ही तुम्हाला शिकवतो तेव्हा हेच तत्त्व ना, की पोराच्या हातातून हँडपीस (दात कोरायचं यंत्र) काढून घेतला की अ‍ॅक्सेस ओपनिंग (नसेपर्यंत दात उघडणं) त्याला जन्मात यायचं नाही. मग हे इतक्या मोठमोठ्या लोकांना माझ्या बाबतीत का नाही सुचलं?

त्या दिवशीचं ते ६-७ आठवतं का? मी वयोगट म्हणून ६-७ टाकत होते आणि एक्सेल त्याची ०६-जुलै करत होतं, मला वाटलं व्हायरस. तू हसला नाहीस (मी असते तर हसले असते). आधी कॉलम टेक्स्ट करा म्हणालास, आणि मग म्हणालास, "पण मॅडम गट लिहूच नका, प्रत्येक पोराचं खरं वय साध्या आकड्यात लिहा, गट मागाहून केव्हाही पाडता येतात." तेवढ्यात डोकं उघडलं माझं. मग १६, २६, ३६, ४६ या चार दाढांना, म्हणजे चार बाजूंच्या पहिल्या पक्क्या दाढांना, चार कॉलम, दात चांगला असेल तर ०, अजून आलाच नसेल तर ८, नोंद नसेल तर ९, आणि कप्पा रिकामा सोडायचाच नाही कारण रिकामा म्हणजे काय ते महिन्याभराने आपल्यालाच आठवत नाही. हे आकडे डब्ल्यूएचओचेच, मी वर्षानुवर्षं शिकवतेय, पण ते शीटमध्ये कसे बसतात हे तुझ्याकडून कळलं.

आता एक गंमत. सगळ्यांना वाटतं आजच्या पोरांना कॉम्प्युटर येतोच, मास्तरांनाच येत नाही. तुझ्या बॅचचे रील पाच मिनिटांत तयार असतात, पण सेमिनारसाठी गूगलवर पहिलं जे येईल ते चिकटवतात, पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंध शोधायच्या साइटवर, अँड आणि ऑर कॅपिटलमध्ये टाकून शोध आवळायचा किंवा पसरवायचा असतो हे निम्म्यांना माहीत नाही. पेशंटचा ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्सरे) व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवतात, बारीक रेघ असेल तर त्यातच गेली, आणि वर पेशंटचं नाव पण तसंच सगळ्या ग्रुपला. त्यांना पण कोणी शेजारी बसून दाखवलेलं नाही, आम्हालाही नाही. परीक्षेत विचारत नाहीत ना, मग कोण शिकवणार.

तू सांगितलंस ना की घरी आत्याला अकरावीत गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून कॉम्प्युटर मिळालेला, पर्रीकर मुख्यमंत्री असताना, आणि त्याच खटाऱ्यावर तू लहानपणी शिकलास, आत्या शेजारी बसायची आणि हात लावायची नाही. मला वाटतं तुझे ते खिशातले हात तिचेच. तिला माझा नमस्कार सांग, खरंच सांग, विसरू नको. सत्तरी तालुक्यातल्या घरात कोणी एका पोराला धीराने शिकवलं त्याचा फायदा घाटावर बसलेल्या मला झाला, हे तिला कळायला हवं. अशी माणसं आहेत म्हणून बरं आहे बाबा, हुशार तर चिकार भेटतात, प्रत्येक कॉन्फरन्सला स्टेजवर रांग असते त्यांची, पण समोरच्याला लाज न वाटू देता शिकवणारे किती?

गेल्या आठवड्यात नव्या लेक्चररला मी स्वतः ती शीट दाखवली. तिला घाई होती, मीच तिच्याकडे माउस मागत होते, मग तुझं आठवलं आणि खुर्ची डावीकडे सरकवली.

बरं, तुझा पेनड्राइव्ह माझ्याकडेच राहिलाय, त्यात तुझे बायोडेटा वगैरे आहेत, मी उघडून बघितलेलं नाही. चतुर्थीला गावी येशील तेव्हा फोंड्याला उतर, मी त्या वेळी घरीच असते. नेवऱ्या पण आहेत. आत्याला घेऊन आलास तर जास्त आवडेल.

तुझी,
एन्डोची मॅडम