को-पायलटला बोलू द्या

मा. संपादक साहेब,
स.न.

तुमच्या करिअरच्या पानावर पायलट कसं व्हायचं ते वाचलं. बारावीला फिजिक्स मॅथ्स लागतं, मेडिकल असते, खर्च किती येतो, सगळं नीट दिलंय. एक गोष्ट मात्र राहिली आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून लिहितोय. मी साताऱ्याचाच, एअरलाइनमध्ये कॅप्टन आहे. सुट्टीला आलो की पोरं आणि त्यांचे आईवडील भेटायला येतात, विमान उडवायचं कसं ते सगळे विचारतात, पण शेजारच्या सीटवरच्या माणसाशी जमलं नाही तर काय करायचं हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

लोकांना वाटतं कॅप्टन विमान चालवतो आणि को-पायलट त्याला मदत करतो. तसं नसतं हो. एका फेरीला हा उडवतो, दुसऱ्या फेरीला तो, आणि जो उडवत नाही तो रेडिओ सांभाळतो, चेकलिस्ट वाचतो आणि उडवणाऱ्याचं काही चुकतंय का ते बघत राहतो, चुकत असेल तर लगेच बोलणं ही त्याची ड्युटीच असते. एसटीत कंडक्टरनं बेल मारली की ड्रायव्हर आधी गाडी थांबवतो, का मारली ते नंतर विचारतो, तसंच.

हे झालं नाही तर काय होतं ते २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दिसलं. धुक्यात दोन जम्बो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. समोरचं विमान अजून धावपट्टीवरनं बाजूला झालं नाही का, असं उडायला निघालेल्या विमानाच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं, कॅप्टन ठामपणे झालंय म्हणाला आणि विषय तिथंच संपला. तो कॅप्टन कंपनीतला मोठा ट्रेनर, शेजारच्या को-पायलटची त्या विमानाची परीक्षा त्यानंच घेतलेली, मग त्याला परत कोण टोकणार? आपल्याकडं २२ मे २०१० ला मंगळूरला दुबईहून आलेलं विमान उंच आणि वेगात उतरत होतं, को-पायलटनं तीनदा गो अराउंड सांगितलं, म्हणजे उतरू नको, परत वर घे. कॅप्टननं ऐकलं नाही. १५८ माणसं गेली, ८ वाचली. मला तर ते तीनदा सांगणं आजही अस्वस्थ करतं, को-पायलट बोलला होता हो, ऐकायला कोणी नव्हतं. टेनेरिफसारख्या अपघातांनंतर क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, आम्ही सीआरएम म्हणतो, म्हणजे एकमेकांशी बोलून, मिळून काम कसं करायचं याचं ट्रेनिंग जगभर सुरू झालं आणि आता आम्हाला ते पुन्हा पुन्हा करावं लागतं.

पण खरी कसोटी रोजच्या ड्युटीवर लागते. एकदा एक को-पायलट माझ्यावर रुसला होता. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरनं धावपट्टीकडं नेताना, मी त्याला एक गोष्ट दुरुस्त करायला सांगितली, तेव्हापासून नुसतं "चेक्ड", "चेक्ड", त्यापलीकडं शब्द नाही, नजर खिडकीबाहेर. असा गप्प माणूस भांडणाऱ्यापेक्षा धोक्याचा, कारण काही दिसलं तरी तो सांगेलच याची खात्री नसते. वर गेल्यावर मी त्याला म्हटलं, पुढचं लँडिंग तू कर. जो उतरवणार त्यालाच ब्रीफिंग द्यावं लागतं, वारं किती, धावपट्टी ओली आहे का, नाही जमलं तर कुठं जायचं, म्हणजे बोलावंच लागतं. त्यानं ब्रीफिंग दिलं, मी दोन प्रश्न विचारले, त्याचं एक उत्तर माझ्या डोक्यात होतं त्याहून चांगलं होतं आणि ते मी त्याला तिथंच सांगितलं. आवाज बदलला पोराचा. टॅक्सीतला विषय आम्ही इंजिन बंद केल्यावर काढला, दहा हजार फुटांखाली कामाशिवाय दुसरं बोलायचंच नसतं.

दुसरा प्रकार सगळं माहीत असणाऱ्याचा, प्रत्येक गोष्टीत वाद. तिथं मी एकच धरतो, दोघांची मतं वेगळी असतील तर ज्यात धोका कमी ते करायचं, मग ते कुणाचंही असो, आणि कोण बरोबर होतं ते खाली आल्यावर बघू. वाद वरच वाढला की काय होतं ते १ जानेवारी २०१८ च्या लंडन-मुंबई फ्लाइटच्या बातम्यांत सगळ्यांनी वाचलंय, प्रवासी मागं बसलेले असताना दोन्ही पायलट भांडून कॉकपिटबाहेर आले होते.

आपल्या भागातल्या पोरांबद्दल मला जास्त काळजी वाटते. देशातली पहिली सैनिक स्कूल १९६१ ला साताऱ्यात झाली, शिस्त इथं घराघरात आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण मोठ्यांच्या मधे बोलू नकोस, उलट उत्तर देऊ नकोस, हे ऐकतच ही पोरं वाढतात आणि एकदम पन्नाशीच्या कॅप्टनशेजारी बसतात. साहेब, आपला स्पीड जास्त आहे, एवढं वाक्य त्यांच्या तोंडातनं वेळेवर निघत नाही, मी स्वतः बघतो हे. आमच्यासारख्या सिनिअर लोकांनी उड्डाणाआधीच सांगायला पाहिजे की माझं काही चुकलं तर बिनधास्त बोल, आणि तो बोलला की चेहरा वाकडा करायचा नाही.

पालकांनी अॅकॅडमी बघायला जाताना विमानं किती, फी किती याच्याबरोबर एवढं विचारावं की दोघांनी मिळून काम करायचं इथं कसं शिकवता. आणि साहेब, तुम्ही पुढचं करिअरचं पान काढाल तेव्हा त्यात यावर एक कॉलम द्या, जिल्ह्यातल्या कुठल्या शाळेला हवं असेल तर मी सुट्टीत येऊन पोरांशी बोलायला तयार आहे.

आपला,
एक वैमानिक वाचक, गोडोली, सातारा