पुण्याच्या फ्लॅटची घरपट्टी

ता. आर्णी, जि. यवतमाळ

चि. ताईस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

पुण्याचा नवा फ्लॅट भाड्यानं द्यायचाय, असा तुझा फोन आला तेव्हापासून घरात हाच विषय चालू आहे. तुझी आई म्हणते, "पोरीनं येवढ्या हौसेनं घर घेतलं, अन् त्यात राहाले पहिलं बिऱ्हाड दुसऱ्याचंच कायले?" मी तिला म्हटलं, बँक दर महिन्याला हप्ता कापते, घरात कोण राहतं ते ती पाहत नाही. तुम्ही दोघं दीडेक वर्षासाठी हैदराबादला चाललात. तोवर फ्लॅटला कुलूप लावून ठेवण्यापेक्षा भाडेकरू ठेवलेला बरा, हे मलाही पटलं. फक्त फोनवर तू "महिन्याला 20 हजार सुटतील" म्हणालीस, ते मला काही पटलं नाही. 20 हजार येतील, सुटतील किती ते अजून मांडायचं आहे. त्यात तू गाडीत होतीस, अर्धं मला ऐकूच आलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी घरपट्टी. ग्रामपंचायतीच्या पावत्या फाडण्यात माझी उमर गेली, पण आपल्या गावचा हिशोब पुण्याला लावू नको. आपल्याकडे 2015 च्या शेवटी नियम बदलले आणि तेव्हापासून घरपट्टी इमारतीच्या भांडवली मूल्यावर बसते. बांधकाम मातीचं की आरसीसीचं, किती जुनं, किती मोठं, राहण्यासाठी की दुकानासाठी, एवढं पाहतात. मालक स्वतः राहतो की त्यानं मास्तरला खोल्या दिल्यात, यानं आकडा हलत नाही. नमुना 8 म्हणजे करआकारणीची वही. तिच्यात मालकाच्या नावाच्या बाजूला भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचा, रकाना असतो. तो भरायला गेलो की लोक घाबरत. "भाऊ, किरायेदाराचं नाव नका लिहू, उद्या घर त्याचंच होईन." मी रजिस्टर उलटं फिरवून त्यांच्यापुढे धरायचो, मालकाच्या रकान्यावर बोट ठेवायचो. करआकारणीच्या वहीत नाव आलं म्हणून कोणी मालक होत नाही, हे किती जणांना समजावलं असेल! तरी निम्मे लोक "लिहूच नका" म्हणूनच घरात जात.

तर गावात हा रकाना नुसता भरायचा म्हणून भरायचा. पुण्यात त्याला पैसे लागतात. पुणे महापालिका घरपट्टी काढते ती वार्षिक भाडेमूल्यावर, म्हणजे ते घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती मिळावं, या अंदाजावर. मालक स्वतः राहत असेल तर त्या भाडेमूल्यात 40 टक्के सवलत देतात. ही सवलत 1970 पासूनची. मधे सरकारनं ती काढली, लोकांना फरकाची बिलं गेली, मोठी ओरड झाली आणि 2023 मध्ये ती पुन्हा सुरू केली. पण आता ती आपोआप लागत नाही. पीटी-3 नावाचा अर्ज भरून, मी इथं स्वतः राहतो असं सोसायटीचं पत्र आणि राहण्याचे पुरावे जोडून मागावी लागते. नव्या फ्लॅटचं पहिलं बिल पूर्ण रकमेचंच येतं.

तुझ्या सोसायटीतल्या त्या बाईंनी तुला सांगितलं ना, "आत्ताच पीटी-3 भरून टाका, नंतर भाड्यानं द्या, कोण बघतंय." ते करायचं नाही. एक तर ते खोटं आहे. दुसरं म्हणजे बघतात. महापालिकेच्या कर खात्याचा पेठ निरीक्षक इमारतीत येतो, वॉचमनला विचारतो, खालच्या पाट्या वाचतो. शिवाय तुझा भाडेकरार सरकारी दप्तरात नोंदलेला असणार, तो काही लपत नाही. सवलत मागच्या तारखेपासून काढली की फरक एकदम अंगावर येतो आणि थकलेल्या रकमेवर महिन्याला 2 टक्के दंड चढतो. महिन्याला 2 म्हणजे वर्षाला 24. आपल्याकडे सावकार यापेक्षा फार वेगळा नव्हता.

समज, सवलत धरून तुझं बिल 12 हजार झालं असतं. तर सवलतीशिवाय ते साधारण 20 हजार होईल. करात वेगवेगळे भाग असतात, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण मोजायला एवढा पुरे. म्हणजे भाडेकरू ठेवल्याची किंमत वर्षाला 8 हजार, महिन्याला पावणेसातशे. एवढ्यासाठी खोटा अर्ज करायचा? त्यापेक्षा भाडं ठरवतानाच ते धरून चाल. आता पीटी-3 भरूच नको. हैदराबादहून परत येऊन सामान लावलं, गॅस आणि मतदार यादीचा पत्ता बदलला की त्याच महिन्यात भर. तू परत आलीस हे महापालिकेला आपोआप कळणार नाही, आणि न मागितलेली सवलत ते घरी आणून देणार नाहीत.

नव्या इमारतीत आणखी एक खोच असते. कर आकारणी व्हायला वेळ लागतो आणि पहिलं बिल मागच्या तारखेपासूनचं येतं. तुझ्या नावावर बिल आलं नाही म्हणून घरपट्टी नाही असं समजू नको, दर महिन्याला त्याचे पैसे बाजूला टाकत जा. या थकबाकीचा बोजा मिळकतीवर असतो, मालक बदलला तरी तो सुटत नाही. म्हणून बिल्डरच्या नावानं जुनं काही बाकी आहे का, तेही एकदा काढून बघ. आणि चालू वर्षाचं बिल एप्रिल-मेमध्येच भरत जा, सामान्य करात सूट मिळते.

घरपट्टी भाडेकरूनं भरायची, असं करारात टाकू नको. बरेच जण टाकतात. पण आयकरात भाड्यातून घरपट्टी वजा मिळते ती मालकानं स्वतः भरली असेल तरच, आणि ज्या वर्षी प्रत्यक्ष भरली त्या वर्षीच. भाडेकरूनं भरली तर तुझी वजावट गेली. हवं तर भाडं हजारानं वाढव, पण पावती तुझ्या नावाची आणि पैसे तुझ्या खात्यातून.

आता आयकर. कागदावर मांडून दाखवतो. वर्षाचं भाडं 2,40,000. त्यातून भरलेली घरपट्टी 20,000 गेली, राहिले 2,20,000. त्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, म्हणजे 66,000. रंग, नळ, दुरुस्ती, सगळं त्यातच आलं, वेगळी बिलं दाखवायची नाहीत. राहिले 1,54,000. यातून कर्जाचं व्याज वजा होतं. भाड्याच्या घराला व्याजाची मर्यादा नाही. स्वतः राहत्या घराला आयकराच्या जुन्या पद्धतीत 2 लाखांपर्यंतच, आणि नव्या पद्धतीत काहीच नाही. तुझं व्याज पहिल्या वर्षी चार लाखांच्या पुढे असेल, तेव्हा भाड्यावर कर शून्य होईल. उरलेल्या तोट्याचं काय, हे तुम्ही कोणती पद्धत घेतली यावर आहे. जुनी असेल तर वर्षाला 2 लाखांपर्यंत तोटा पगारातून वजा होतो आणि उरलेला पुढची आठ वर्षं ओढता येतो. नवी असेल तर पगाराला हात लावता येत नाही. जावईबापूंच्या कंपनीनं त्यांना नव्या पद्धतीत टाकलंय असं तू म्हणाली होतीस. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, तेव्हा भाडंही ज्याच्या त्याच्या हिश्शानं दोघांच्या विवरणात दाखवावं लागेल. सगळं तुझ्या खात्यात आलं तरी.

आणि हे नीट वाच. आयकराच्या हिशोबात एखादा महिना जरी घर भाड्यानं गेलं तरी त्या आर्थिक वर्षापुरतं ते राहतं घर धरत नाहीत. म्हणजे फेब्रुवारीत भाडेकरू ठेवलास तरी मार्चपर्यंतचं ते साल राहत्या घराचं धरता येणार नाही. भाडेकरू एप्रिलपासून ठेवला तर हिशोब सोपा पडतो. पण केवळ त्यासाठी दोन महिने घर रिकामं ठेवू नको, बुडालेलं भाडं त्याहून जास्त असेल.

सोसायटीचं थोडक्यात. भाडेकरू ठेवला की बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते शुल्क लागतं, त्याला सरकारनं 2001 मध्ये मर्यादा घातली आहे. सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत, जास्त नाही. सगळ्या मेंटेनन्सच्या 10 टक्के नाही, त्यातल्या वॉचमन, सफाई अशा सेवांच्या शुल्काच्या. दरमहा पाचशे-हजार मागितले तर हा नियम दाखव, पण भांडू नको. परत येऊन पीटी-3 भरताना त्याच सेक्रेटरीचं पत्र लागणार आहे.

करार मात्र पक्का कर. आपल्याकडे वावर ठोक्यानं देतो तेव्हा बांधावर उभं राहून बोललेलं चालतं, कारण देणाराघेणारा दोघंही उद्या त्याच पारावर बसणार असतात. पुण्यात तसं नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी कायद्यानं घरमालकावर टाकली आहे. 1999 चा भाडे नियंत्रण कायदा हे सांगतो, न नोंदवल्यास शिक्षेची तरतूद आहे. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदवायची गरज नाही" असं एजंट सांगेल. महाराष्ट्रात ते चालत नाही. लेखी करारच नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरतात, खोट्या आहेत हे तुला सिद्ध करावं लागतं. खर्चही फार नाही. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये आणि मुद्रांक एकूण भाड्यावर पाव टक्का. अनामत 60 हजार घेतलीस तर तिच्यावर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ते त्यात मिळवायचं. अकरा महिन्यांचा मुद्रांक सहाशेच्या आतच बसतो. हे सगळं घरून ऑनलाइन होतं म्हणतात, तुला ते माझ्याहून जास्त समजतं.

मुदत मात्र तुमच्या परतीच्या तारखेशी जुळवून ठेव. मुदत संपल्यावरही भाडेकरू राहिला तर कायदा दुप्पट भाडं वसूल करायचा हक्क देतो. पण हक्क असणं आणि घर रिकामं मिळणं यांत किती चकरा असतात ते मी तहसीलमध्ये पाहिलंय. म्हणून माणूस बघून घे. बदलीवर आलेलं, नोकरीतलं, लहान मुलं असलेलं कुटुंब असेल तर भाडं हजारानं कमी घे. आणि तिथं शिकवणी वर्ग, ऑफिस, पार्लर काही सुरू करायचं नाही, हे करारात एका ओळीत लिही. वापर निवासी राहिला नाही की घरपट्टीचा दरच वेगळा लागतो, मग 40 टक्क्यांचा हिशोब राहतो बाजूला. बँकेच्या कर्जाच्या कागदात भाड्यानं देण्याबद्दल काही अट आहे का, तेही सही करण्याआधी वाचून घे.

सगळं वजा जाता पहिल्या वर्षी तुझ्या हाताला महिन्याला साडेसतरा-अठरा हजार येतील असं मी धरतो. घरपट्टी दरमहा साधारण 1,700, बिनभोगवटा शुल्क दोनशे, करार आणि एजंटचं काही. बाकी मेंटेनन्स तर तू स्वतः राहिलीस तरी भरणारच होतीस. हप्त्याला त्यानं चांगला हातभार लागतो. देऊन टाक, आईला मी समजावतो.

तिचं म्हणणं इतकंच आहे, की भाडेकरू येण्याआधी तिथं एकदा पूजा व्हावी. कापसाची दुसरी वेचणी झाली की आम्ही येतो, दोन दिवस राहतो. येताना तूर आणि सांडगी मिरची आणतो. तोवर तू ताबापत्राचा, सोसायटीच्या शेवटच्या बिलाचा आणि बँकेच्या व्याजाच्या दाखल्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठव. सोसायटीच्या बिलात सेवाशुल्क किती आणि इतर किती, ते मला वेगळं करून पाहायचं आहे.

जावईबापूंना नमस्कार.

तुझे,
बाबा