अनुदान मागाला मिळतं, जॉबरचं काय?

मा. वस्त्रोद्योग मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला. मी इथलाच खर्चीवाला, व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा.

दोन वर्षांपूर्वी आठ साधे माग भंगारात घातले आणि कर्ज काढून चार रॅपिअर, म्हणजे बिनधोट्याचे वेगवान माग, घेतले. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास आडवे धागे टाकतो, रॅपिअर चारशेच्या घरात, तेही दुप्पट पन्ह्यावर. कागदावरचा हिशेब चोख होता. माग सुरू झाले आणि ताणा, म्हणजे उभे धागे, तटातट तुटायला लागला. दोष मागाचा नव्हताच. बीम (ताणा गुंडाळलेले रूळ) नेहमीच्याच सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यातून, आले होते, आणि दीडशेच्या गतीला पुरणारी खळ चारशेला पुरत नाही. सुतातली जी बारीक जागा धोट्याच्या मागावर खपून जायची, तिथे आता माग थांबायचा. माझा जॉबर, म्हणजे माग जोडणारा-दुरुस्त करणारा कारागीर, तीस वर्षांचा मुरलेला, नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा. पॅनलवर इंग्रजीत काही उमटलं की तो माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. विक्रेत्याचा माणूस आठवड्याने यायचा, बँकेचा हप्ता मात्र तारखेला. घडी बसायला सात महिने गेले.

१९९९ची केंद्राची टफ (तंत्रज्ञान सुधारणा निधी) योजना असो की आपलं २०२३-२८चं धोरण, जोर यंत्र खरेदीवर. माझी विनंती एवढीच, की अर्ज एकेकट्याचा घेऊ नका. दहा-बारा खर्चीवाले, त्यांचं सायझिंग आणि सूत देणारा व्यापारी असा गट धरा. व्यापाऱ्याला वगळलंत, तर सूत हलकंच येणार. गटाला वर्षभर एक जाणता जॉबर द्या, पगार योजनेतून. गावात १९८२पासून डीकेटीईसारखं वस्त्रोद्योगाचं कॉलेज आहे. आमच्या जॉबरांना तिथे संध्याकाळी, मराठीत, प्रत्यक्ष मागावर शिकू द्या. दहावीचा दाखला मागू नका. आणि अनुदानाचा शेवटचा हप्ता माग बसल्यावर नको, सहा महिने नीट चालल्यावर द्या. (यात माझ्यासारख्यांचेही पैसे अडकतील, ठाऊक आहे.)

माझा जॉबर आता रॅपिअर एकट्याने उघडून जोडतो. शेजारच्या तीन कारखान्यांतून त्याला रात्री-अपरात्री बोलावणं येतं. इकडे आलात तर त्याला भेटा, फक्त दुपारी बाराच्या आधी नको. तो झोपलेला असतो.

आपला,
एक यंत्रमागधारक, इचलकरंजी