चहा कसा हवा हे सांगणाऱ्यानेच तो करावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर पावसाळ्यात तुमच्या पुरवणीत परफेक्ट चहाची रेसिपी येते आणि आमच्या घरात नवीन वाद सुरू होतो, कारण प्रत्येक जण त्यातली आपल्या सोयीची एक ओळ उचलतो आणि मला वाचून दाखवतो. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय पण जमलं तर पूर्ण छापा.

चहावरून घरात जे वाद होतात त्यातल्या बऱ्याच गोष्टींना खरं तर पक्कं उत्तर आहे, ते एकदा समजून घेतलं की विषय मिटतो. आणि जे निव्वळ आवडीचं आहे तिथे ज्याला जसा हवा त्याने तसा उठून करून प्यावा. हॉलमध्ये बसून ओट्याकडे सूचना पाठवू नयेत.

माझं माहेर कोल्हापूरकडचं, घरात म्हैस होती, त्यामुळे चहा म्हणजे दाट, दुधाचा, वर साय. सासर रत्नागिरीकडचं, तिथे जुन्या माणसांना कोरासुद्धा चालतो आणि दूध घातलंच तर रंग बदलण्यापुरतं. आता आम्ही सगळे डोंबिवलीत एका फ्लॅटमध्ये. सासूबाईंचं म्हणणं आधण आलं की साखर, पत्ती टाकून गॅस बंद, वर झाकण, चांगला मुरला की मग गाळायचा. मिस्टरांना दूध-पाणी-पत्ती सगळं एकत्र घालून खळखळ उकळलेला कडक लागतो. धाकटे दीर म्हणतात पत्ती उकळली की चहा वाया गेला. मुलीला हल्ली गुळाचाच हवा. सगळे आपापल्या जागी ठाम, आणि पातेलं माझ्या हातात.

आता उकळायचा की मुरवायचा, हे भांडण मुळात पत्तीचं आहे. आपण रोज वापरतो ती दाणेदार पत्ती सीटीसी, म्हणजे क्रश, टेअर, कर्ल, पान चिरडून फाडून गोळी केलेलं. हे मशीन १९३०च्या दशकात आसाममध्ये आलं. ही पत्ती रंग झटकन सोडते आणि दुधात उकळली तरी तिची चव मरत नाही, टपरीवरचा कडक चहा होतो तो त्यामुळेच. पानाचा चहा, दार्जिलिंगसारखा, वेगळा. तो गरम पाण्यात थोडा वेळ ठेवायचा आणि गाळायचा, उकळला की कडू होतो. एका नातेवाईकांनी आम्हाला तिकडून अशीच महागाची पानं आणून दिली होती, ती आमच्याकडे आलं, दूध, साखर घालून नेहमीच्या पातेल्यात उकळली आणि सगळे म्हणाले काय पाणचट चहा दिलाय, याला ना रंग ना चव. डबा तसाच मागे ढकलला गेला. चूक पानांची नव्हती, आणि दीर म्हणतात ते पण खरंच आहे, फक्त ते या पानांबद्दल खरं आहे, आमच्या डब्यातल्या रोजच्या पत्तीबद्दल नाही. दोन वेगळ्या पत्त्यांबद्दल बोलत दोन माणसं वर्षानुवर्षं भांडतात.

दीर अजून एक दाखला देतात, की चहा करायचं इंटरनॅशनल स्टँडर्ड आहे. आहे, आयएसओ ३१०३, मूळ १९८० सालचं. १०० मिलि पाण्याला २ ग्रॅम चहा, सहा मिनिटं मुरवायचा. पण ते चहा चाखून तपासणाऱ्यांसाठी आहे, सगळी सॅम्पलं सारखी तयार व्हावीत म्हणून. सकाळी चार माणसांना डब्याच्या घाईत द्यायच्या चहासाठी ते कोणी लिहिलेलं नाही.

आल्याचा वाद तर मला सगळ्यात जास्त लागतो, कारण त्यात दोष नेहमी करणाऱ्या बाईवर येतो. चहा फाटला की दूधवाल्याला शिव्या नाहीतर 'तू पातेलं नीट धुतलं नव्हतंस'. अहो, ओल्या आल्यात दुधातलं प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं, कोमट ते गरम दुधात आलं किसून टाकलं की ते काम करतं आणि दूध फाटतं. तेच आलं ठेचून आधी पाण्यात टाका, दोनतीन मिनिटं चांगलं उकळू द्या, एन्झाइम निकामी होतं, मग दूध घाला. मी असं करायला लागल्यापासून आमच्याकडे दूध फाटल्याचं मला आठवत नाही. गुळाचंही साधारण असंच, गूळ थोडा आंबटसर असतो, उकळत्या दुधात पडला की घात होतो, म्हणून गॅस बंद करून शेवटी घालायचा आणि मग जास्त तापवत बसायचं नाही. एवढी साधी माहिती, पण रेसिपीत फक्त 'आलं, गूळ आवडीनुसार' असं लिहिलेलं असतं!

रंगाचं पण सांगते. रंग चढला नाही म्हणून पत्ती बदला असं घरात सारखं चालू असतं आणि मग कोणीतरी भरपूर रंगाची खुली पत्ती आणतो. अशी पत्ती फिल्टर पेपरवर पसरून वर थोडं पाणी शिंपडावं, मग पत्ती काढून पेपर धुवावा आणि उजेडात धरून बघावा. रंगाचे डाग दिसले तर भेसळ आहे. अन्नाची शुद्धता बघणाऱ्या सरकारी संस्थेने, एफएसएसएआयनेच ही तपासणी सांगितलीय, घरी कोणीही करू शकतं.

हे सगळं झालं की उरतं दूध किती, साखर किती, गवती चहा की वेलची. ही निव्वळ आवड, इथे कोणी बरोबर आणि कोणी चूक नाही. आपल्या लोकांनी तर ज्यांनी चहा विकला त्यांचंही ऐकलं नाही. १९०३ पासून चहावर सेस लावून त्या पैशातून देशभर चहाचा प्रचार झाला, किटलीत पाच मिनिटं मुरवा, दूध वरून घाला असं शिकवत माणसं फिरली, स्टेशनांवर पाट्या लागल्या. चहावाल्यांनी मात्र दूध, साखर, मसाला घालून उकळला तो उकळलाच. पुण्यातल्या अमृततुल्यात पितळी भांड्यात डावाने ढवळत दुधाचा चहा करतात, फडक्यातून गाळतात, आणि तिथे जाऊन कोणी म्हणत नाही की तुमची साखर जास्त झाली, परत करा. मिळेल तो कप गपचूप पितात. परत करा म्हणायची हिंमत फक्त घरच्या बाईपाशी होते. बहुतेक घरांत सगळ्यांचे वेगवेगळे चहा करून झाले की तिच्या वाट्याला येतो तो चोथ्यावर पाणी घालून परत उकळलेला, तो तिला कसा आवडतो हे कोणी विचारत नाही, मला याचा खरंच राग येतो.

आणि एवढं भांडून एका गोष्टीवर कोणी बोलतच नाही, ती म्हणजे वेळ. २०२४ च्या आहाराच्या गाइडलाइन्समध्ये आयसीएमआरच्या पोषण संस्थेने स्पष्ट सांगितलंय की जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा, कारण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. आपल्याकडे पोह्यांबरोबर चहा आणि जेवल्याजेवल्या परत चहा. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आहे असं २०१९-२१ च्या सरकारी सर्व्हेत आलंय. त्याची कारणं पुष्कळ आहेत, सगळं चहावर ढकलता येणार नाही, पण हा बदल तरी फुकटात होण्यासारखा आहे.

तर संपादक साहेब, यापुढे चहाची रेसिपी छापाल तेव्हा पत्ती दाणेदार की पानाची ते लिहा, दूध-पाण्याचं माप द्या, आलं-गूळ कधी घालायचा ते द्या, आणि जेवणानंतरच्या चहाबद्दलची ती सूचना पुरवणीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एकदा छापा. आमच्याकडे तुमचा पेपर सकाळी हॉलमध्येच वाचला जातो.

आपली,
एक वाचक, डोंबिवली