स्कार्फवर चर्चा पुष्कळ झाली, वजूचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

नोकरी करणाऱ्या मुस्लिम बायकांवर पेपरात काही आलं की माझी मुलगी आधी फोटो बघते आणि सांगते, आई, परत स्कार्फच. आत मजकूरही तोच, घालू द्यावा का नाही, कोर्ट काय म्हणालं वगैरे. अहो मी एकवीस वर्षं अकाउंट्समधे आहे आणि मी स्कार्फ घालतच नाही, नमाजपुरता पर्समधे असतो तेवढाच, पण पाच वेळची नमाज पढते, रोजेही धरते. म्हणून ऑफिसातले लोक मला "तू काही तेवढी धार्मिक नाहीस" असं कौतुकाने सांगणार, आणि शेजारच्या टेबलावरची स्कार्फवाली पोरगी, जी स्वतःच म्हणते की मला फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजला, जागच येत नाही, तिला जगातल्या सगळ्या मौलवींच्या वतीने उत्तरं द्यावी लागणार.

कापडाचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेत समांथा एलॉफला २००८ मधे अॅबरक्रॉम्बी या कपड्यांच्या कंपनीच्या दुकानात स्कार्फमुळे नोकरी नाकारली, कंपनी म्हणे तिने धर्माचं कारण सांगितलंच नव्हतं, पण २०१५ मधे तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं की तिने सांगितलं नसलं तरी सवलत द्यावी लागेल या विचाराने नाकारलं असेल तर तो भेदभावच. युरोपियन युनियनच्या कोर्टाने १४ मार्च २०१७ ला एकाच दिवशी दोन निकाल दिले. बेल्जियमच्या रिसेप्शनिस्टच्या केसमधे म्हणाले की सगळ्याच धर्मांच्या आणि विचारांच्या दिसणाऱ्या खुणांना सारखी बंदी असेल तर तो थेट भेदभाव नाही, आणि फ्रान्सच्या इंजिनिअर बाईच्या केसमधे म्हणाले की निव्वळ ग्राहकाला स्कार्फ नकोय हे कारण चालणार नाही. मला दुसरा जास्त पटतो, कारण "आमचं काही नाही हो, पार्टीला आवडत नाही" हे वाक्य आमच्यापैकी बहुतेकींनी ऐकलंय.

पण रोजची अडचण वेगळीच असते. वेळ, पाणी आणि एक कोपरा.

वेळेचं कसंय की साहेब लोकांना वाटतं नमाज म्हणजे गाडीची वेळ, एक वाजून दहा मिनिटांनी म्हणजे त्याच मिनिटाला. तसं नाहीये. जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजची, वेळ सूर्य डोक्यावरून कलला की सुरू होते ती असरपर्यंत, म्हणजे पुढच्या नमाजपर्यंत असते, म्हणजे मधे बराच वेळ मिळतो, मीटिंग संपवून आरामात पढता येते, फर्जला, म्हणजे पढलीच पाहिजे तेवढ्या भागाला, पाच-सात मिनिटं पुरतात. खरी घाई मगरिबची, म्हणजे सूर्य मावळल्यावरच्या नमाजची, ती वेळ छोटी, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी "एक क्विक कॉल" ठेवतं. हे एकदा बसून कोणी विचारलं असतं तर निम्मी भांडणं झाली नसती. सिगारेटच्या ब्रेकशी तुलना मी करणार नाही, ती सगळेच करतात आणि सिगारेटवाले चिडतात.

आणि जुम्याला, म्हणजे शुक्रवारी दुपारी मशिदीतल्या नमाजला, पुरुषांना सुट्टी मिळते, आम्हाला म्हणतात तुमच्या बायकांना तर जुमा फर्ज नाही ना. बरोबर आहे, जुमा नाही, पण मग जोहर आहेच की! अर्धी माहिती सगळ्यांकडे असते.

वजू म्हणजे नमाजच्या आधी हात, तोंड, पाय धुणं. ऑफिसच्या वॉशरूममधे बेसिनमधे पाय वर करून बघा एकदा, मग खाली पाणी सांडतं, मग ते मीच टिश्यूने पुसते, तेवढ्यात कोणीतरी आत येतं आणि बघून न बघितल्यासारखं करतं. एक खाली नळ आणि एक स्टूल, बास. तेवढ्याने झाडूपोछा करणाऱ्या मावशींचीही सोय होते.

आता जे लिहिण्यासाठी खरं पत्र लिहायला बसले ते. मागच्या नोकरीत आम्ही मागे लागून नमाजसाठी एक खोली मिळवली, आनंद झाला. पण चावी रिसेप्शनला, आणि चावी घेताना रजिस्टरमधे नाव, वेळ आणि सही. पुरुषांच्या सह्या रोज. आमच्या सह्या दर महिन्यात पाच-सहा दिवस गायब, कारण पाळीत नमाज नसते. म्हणजे माझी तारीख काय ते रिसेप्शनवर उघड्या वहीत, कोणीही पान उलटून बघावं. एकाने हसत विचारलंही, "मॅडम आज सुट्टी का?" रमजानमधे तर अजून मजा, त्या दिवसांत रोजा नसतो पण चारचौघांत पाणी प्यायलं की "अरे, रोजा तोडला?" म्हणून मी चक्क वॉशरूममधे उभं राहून बिस्किट खाल्लंय, वयाच्या चाळीसाव्या वर्षी. सुटलेले रोजे आम्ही नंतर भरून काढतो, तेव्हा मात्र कोणाला कळत नाही की हिचा आज रोजा आहे, आणि भर दुपारी वाढदिवसाचा केक तोंडासमोर धरतात.

मी रजिस्टरबद्दल एचआरकडे गेले, समोर तरुण मुलगा होता, बिचारा. कसं सांगणार? "सही नको" एवढंच म्हणाले, तो म्हणाला मॅडम सिक्युरिटी पॉलिसी. शेवटी आम्ही तिघींनी ठरवलं, पढायची नसली तरी चावी घ्यायची आणि पाच मिनिटं आत बसून यायचं. काही महिने असं नाटक केलंय आम्ही.

मनात आलं की मार्ग निघतो हो. इंग्लंडच्या सरकारी हॉस्पिटलांत जंतू पसरू नयेत म्हणून कोपरापासून खाली हात उघडे ठेवायचा नियम आला, मुस्लिम डॉक्टर-नर्स बायकांची पंचाईत झाली, तर २०१० मधे एकदा वापरून फेकायच्या बाह्या मान्य केल्या. २०१९ मधे डर्बीच्या हॉस्पिटलने ऑपरेशन थिएटरसाठी तसेच फेकून द्यायचे स्कार्फ आणले, कल्पना तिथल्याच ज्युनिअर डॉक्टर बाईंची. स्वच्छताही राहिली, स्कार्फही राहिला. मशीनवर मात्र सैल कापड नको म्हणाले तर मी सुपरवायझरच्याच बाजूची, तिथे घट्ट टोपीसारखा हिजाब घालावा, वाद कसला.

आत्ताच्या ऑफिसात खोली नाही, पण फाइलींच्या खोलीला आतून कडी आहे आणि वही नाही. मी खूश आहे.

पत्र छापलंत तर नाव टाकू नका प्लीज, तुमचा पेपर आमच्या रिसेप्शनवर येतो.

आपली,
एक वाचक