उजवा कान

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आई रडते आणि बाबा ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतात. म्हणून लिहितोय. पुढच्या महिन्यात जन्मापासून अर्धवट राहिलेल्या उजव्या कानाचं ऑपरेशन करून घेतोय. तारीख मिळालीय, रजा टाकलीय, विम्यात बसत नाही तेवढे पैसे बाजूला काढलेत. आधी विचारलं नाही, चुकलंच. पण विचारलं असतं तर बाबा, तुम्ही ‘अजून थोडं थांबू’ म्हणाला असतात आणि मी पुन्हा थांबलो असतो.

ते उंदराचं कात्रण अजून माझ्याकडे आहे. १९९७ चं, माझ्याच जन्मसालातलं. पाठीवर माणसाचा कान घेऊन बसलेला तो बिनकेसांचा उंदीर. ‘तुझा कान अमेरिकेत कुंडीत लावलाय’ असं तुम्ही झोपताना सांगायचात आणि मी विचारायचो, पाणी कोण घालतं?

मोठेपणी वाचलं, तो कान वासराच्या पेशींचा होता, विरघळणाऱ्या जाळीवर वाढवलेला. माणसाला बसवायचा तर अडचण कातडीची. ती वरून आवळते आणि कोवळी कूर्चा (कानातलं लवचिक, मऊ हाड) चपटी होत जाते. म्हणून चीनमधल्या डॉक्टरांनी आत सावकाश विरघळणारा कृत्रिम सांगाडा ठेवला आणि त्यावर माझ्यासारख्याच मुलांच्या स्वतःच्या अर्धवट कानातल्या पेशी तीन महिने वाढवल्या, ते २०१८ मध्ये छापून आलं. मुलं पाच. २०२२ मध्ये अमेरिकेत वीस वर्षांच्या एका मुलीला तिच्याच पेशींचा, थ्री-डी प्रिंटरवर छापलेला कान बसवला, ती बातमी तुम्ही मला तीनदा पाठवलीत. खोटं काहीच नाही त्यात. पण हे कान वीस वर्षांनी कसे राहतात ते कळायला वीस वर्षं जावी लागतात, आणि माझी अठ्ठावीस आधीच गेलीत.

दहाव्या वर्षी डॉक्टर ‘छाती पुरेशी वाढलीय, बरगडीच्या कूर्चेतून कान करून टाकू’ म्हणाले, तेव्हा पोराची बरगडी कापायची या कल्पनेनेच तुम्ही उठून आलात. त्याचा राग नाही. (होता थोडा, कॉलेजात.) आता तीच बरगडी. तयार पॉलिएथिलिनचा कानही मिळतो, बरगडीला हात लावावा लागत नाही. पण तो परका पदार्थ, कधी धक्का लागून वरची कातडी फाटली तर उघडा पडतो, आणि मी रविवारी क्रिकेट सोडणार नाही. माझ्या वयात बरगडीची कूर्चा कडक होते, तेही तपासून घेतलंय, कोरता येण्यासारखी आहे. डाव्या कानाचा आकार फिल्मवर उतरवून घेतलाय. सहा महिन्यांनी दुसरं ऑपरेशन, त्यात कान डोक्यापासून उचलतात. ऐकू येण्यात फरक पडणार नाही, ती आशा धरू नका.

आई, ग्रहणात तू विळीवर बसलीस म्हणून हे झालं नाही. हे तुला कितव्यांदा सांगतोय! शाळेत जाताना खोबरेल लावून तू केसांची एक बट उजवीकडे ओढायचीस आणि बोटाने दाबून धरायचीस, ती बसेपर्यंत. अजूनही लिफ्टच्या आरशात माझं बोट आपोआप तिथे जातं.

छाती काही दिवस दुखेल, कानापेक्षा जास्त. दुखण्यावर औषध देतात. हॉस्पिटलात स्वतंत्र खोली आहे, खिडकी आहे, सोबतीला नितीन राहणार आहे, मऊ भात मिळतो. तुम्ही घरी सोडल्यावर या. रात्रीच्या एसटीने यायचं नाही, दिवसाची गाडी धरा. बाबा, बीपीची गोळी पिशवीत नाही, खिशात ठेवा. आई, माझ्यासाठी उपास धरलास तर मी जेवणार नाही, आणि डबे भरून आणू नकोस. मेतकूट आण.

आजोबांची भिकबाळीही आणा. नव्या कानाला टोचायचं नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा डावा टोचून घेईन. आजोबा असते तर ‘भिकबाळी डाव्या कानात?’ म्हणून आठवडाभर बोलले नसते.

तुमचा,
सोन्या