फुलपाखरू हवे, तर अळीही हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या बागेत फुलपाखरे कशी आणावीत यावर आलेला लेख वाचून आनंद झाला, आणि त्याच पानाच्या तळाशी, पाने कुरतडणाऱ्या अळ्यांसाठी दर पंधरवड्याला फवारणी करण्याचा सल्ला पाहून तितकेच नवल वाटले. वरच्या रकान्यात ज्याला आमंत्रण दिले, त्याच्याच पोराबाळांना खालच्या रकान्यात विष घातले आहे, हे बहुधा पान लावणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे. दोष केवळ आपल्या पुरवणीचा नाही. बागेविषयीच्या बहुतेक लेखनात फुलपाखरू म्हणजे उडती शोभा आणि अळी म्हणजे कीड, अशीच वाटणी झालेली असते.

लेखात सुचवलेली झाडे म्हणजे झिनिया, कॉसमॉस आणि टणटणी. यांच्यावर फुलपाखरे येतात यात शंका नाही, परंतु ती येतात मकरंदासाठी. मकरंदाच्या बाबतीत बरीचशी फुलपाखरे फारशी चोखंदळ नसतात. अंडी घालताना मात्र त्यांची मादी कमालीची काटेकोर असते, कारण तिची अळी ठरावीक वनस्पतींचीच पाने खाऊ शकते. वनस्पतींनी स्वतःच्या बचावासाठी पानांत साठवलेली रसायने पचवण्याची क्षमता त्या त्या कीटकात हजारो पिढ्यांच्या सहवासातून आलेली असते, आणि मेक्सिकोहून आलेल्या झिनिया-कॉसमॉसशी किंवा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेल्या टणटणीशी इथल्या बहुतेक फुलपाखरांचा तसा सहवास घडलेलाच नाही. अशा बागेत खाणावळ आहे, पण बाळंतिणीची खोली नाही.

याउलट आपण ज्या रुईला रस्त्याकडेचे झाड म्हणून उपटून टाकतो, तिचे एखादे पान उलटून पाहावे. खसखशीएवढे एकच पांढुरके अंडे दिसले, तर ते बहुधा प्लेन टायगर या फुलपाखराचे असते. त्यातून निघणाऱ्या अळीच्या अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असतात. रुईचा चीक विषारी आणि चिकट. म्हणून मोठी झालेली अळी आधी पानाच्या शिरेला किंवा देठाला चावा घेते, चीक गळू देते आणि मगच पान खायला बसते. तेच विष अंगात साठवून ती आणि पुढे तिचे फुलपाखरू पक्ष्यांना बेचव ठरतात. फवारणीचा सल्ला पाळणाऱ्या वाचकाला हे बघायला कधीच मिळणार नाही, आणि आपल्या बागेत फुलपाखरे का टिकत नाहीत याचे कारणही कळणार नाही.

पक्ष्यांचेही तेच आहे. एरवी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिलांना कीटकच भरवते. वॉशिंग्टन परिसरातील घरगुती बागांमध्ये चिकडी नावाच्या छोट्या पक्ष्याचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या बागांत स्थानिक झाडा-झुडपांचे प्रमाण ७० टक्क्यांहून कमी होते, तिथे हे पक्षी आपली संख्या टिकवण्याइतकी पिले वाढवू शकत नव्हते. झाडे हिरवीगार होती, पण त्यांच्यावर अळ्या नव्हत्या. उरलेल्या तीस टक्क्यांत आजीच्या हातचा गुलाब खुशाल राहू द्यावा. इंग्लंडमधील लेस्टर येथे जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी घराभोवतीच्या साध्या बागेत १९७२ पासून तीस वर्षे नोंदी ठेवल्या आणि एकूण २,६७३ जाती मोजल्या, त्यांपैकी १,९९७ कीटकांच्या होत्या. त्या बागेत बाहेरची झाडेही होतीच. मात्र कीटकनाशकाला तिथे स्थान नव्हते.

रानफुलांच्या बियाण्याबाबत एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. ‘रानफुलांचे मिश्रण’ असे छापलेले पाकीट मी हौसेने आणले आणि दीड महिन्यात वाफाभर नारिंगी कॉसमॉस डोलू लागला. ते कुठल्या तरी रानातले होते खरे, आपल्या नव्हे! म्हणून पाकिटावर वनस्पतींची नावे नसतील तर ते घेऊ नये. त्यापेक्षा परिसरात विपुल असलेल्या तेरड्यासारख्या रानफुलाचे चिमूटभर बी जमवावे. तेरड्याची पिकलेली बोंडे बोटांचा स्पर्श होताच फुटून वळतात आणि बिया तळहातावर उडतात. त्यांतल्या थोड्याच घ्याव्यात, बाकी तिथेच सोडाव्यात, आणि रोपे तर मुळीच उपटून आणू नयेत. दुर्मीळ फुलांच्या वाट्याला जाऊच नये.

जमिनीची मशागत फारशी लागत नाही, उलट शेणखताने भरलेल्या वाफ्यात गवत आणि तण माजतात व नाजूक रानफुले त्यांच्याखाली गुदमरतात. थोडी जमीन उघडी ठेवावी ही माझी विशेष विनंती आहे. मधमाशी म्हटले की आपल्याला पोळे आठवते, पण जगातील वीस हजारांहून अधिक जातींच्या मधमाश्यांपैकी बहुतेक एकेकट्या राहतात आणि सुमारे ७० टक्के जाती जमिनीत बीळ करतात. फरशी किंवा प्लास्टिकचे आच्छादन घातले की त्यांचे दारच बंद होते. पसरट भांड्यात दोन-चार दगड ठेवून पाणी भरावे आणि डास होऊ नयेत म्हणून ते दोन दिवसांनी बदलावे. वाळलेली बोंडे, काटक्या, पालापाचोळा यांत कोष आणि अंडी असतात, त्यामुळे सगळे एकाच दिवशी झाडून जाळणे टाळावे. शेजाऱ्यांना हा गबाळेपणा वाटतो, असा माझा अनुभव आहे. कडेने पायवाट आखून ती नीट झाडलेली ठेवली आणि मधे ‘रानफुलांचा वाफा’ अशी पाटी लावली, तेव्हापासून कुणी काही बोललेले नाही.

आपल्या पुरवणीचा वाचकवर्ग मोठा आहे आणि तिच्या सल्ल्यावर विसंबून बागा लावल्या जातात. म्हणून यापुढे फुलपाखरांसाठी झाडांची यादी छापताना मकरंदाच्या फुलांशेजारी अळ्यांच्या खाद्यवनस्पतींचा एक वेगळा रकाना द्यावा आणि फवारणीची ती चौकट निदान त्या पानावरून तरी काढावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक नियमित वाचक